गाडीत आवाज बसवणारे रघुवीरबाब

रघुवीरबाब गावस यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका घुमणाऱ्या आवाजामुळे. मी मूळचा गडहिंग्लजकडचा. तेव्हा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात वीजतंत्री म्हणून काम करत होतो. जोडधंदा म्हणून एक जुनी पिकअप घेतली होती आणि जत्रा, भजनसप्ताह, ग्रामसभा यांच्या पुकारणीसाठी तिच्यात अॅम्प्लिफायर मीच बसवला होता. टपावर दोन भोंगे होते. इंजिन सुरू झाले की भोंग्यांतून घूं घूं ऐकू येई आणि गाडीचा वेग वाढवला की तो आवाजही चढत जाई. ज्याला विचारावे तो एकच नाव सांगे. म्हणून एका रविवारी मी नार्व्याच्या रस्त्यावरील त्यांच्या दुकानासमोर गाडी उभी केली.

त्यांनी आवाज ऐकला, मान हलवली आणि बॉनेट उघडून बॅटरीचे जोड सोडवले. मी म्हणालो की, तक्रार आवाजाची आहे, बॅटरी चांगली आहे. ते म्हणाले, "आवाज मागीर बगूया, बाब. पयली ही वायर काडूया." बॅटरीतून केबिनमध्ये आणलेली वायर मी पत्र्याच्या उघड्या भोकातून ओढून घेतली होती. गाडीच्या हादऱ्याने तिचे वेष्टण घासून आतले तांबे दिसू लागले होते, आणि मी बॅटरीजवळ फ्यूजही बसवला नव्हता. वीजतंत्री असूनही मी रोज जळू शकणाऱ्या गाडीतून हिंडत होतो. हा दोष त्यांनी मला एका बाजूला नेऊन, इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितला. घूं घूं तर नंतर दहा मिनिटांत गेली. अॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर मी गाडीच्या पत्र्याच्या रंगावरच आवळली होती. त्यांनी रंग खरवडून ती उघड्या लोखंडाला जोडली, एवढेच.

त्यानंतर वर्षभरातच मी कारखाना सोडला आणि त्यांच्या दुकानात कामाला लागलो. त्याला आता बरीच वर्षे झाली. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पिकअपमध्ये अॅम्प्लिफायर बसवणे हे बाहेरून दिसते तेवढे सोपे नाही. मागचा हौदा उघडा. तिथे पाऊस, रेती आणि काजूच्या पोत्यांची धूळ. पुढे केबिनमध्ये जागा हातभर. अॅम्प्लिफायर तापतो, त्याला हवा लागते. रस्त्याच्या खड्ड्यांनी त्याचे स्क्रू सैल होतात. रघुवीरबाब प्रत्येक गाडीसाठी प्लायवूडची वेगळी फळी कापतात, तिला रंग देतात, खाली रबराच्या चकत्या ठेवतात, आणि शक्य असेल तिथे नवे भोक न पाडता सीटच्या मूळच्या बोल्टांनाच फळी जोडतात. भोक पाडणे अगदीच अटळ झाले, तर आधी स्वतः गाडीखाली सरपटत जाऊन पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते पाहतात. साठाव्या वर्षीही हे काम ते दुसऱ्यावर सोपवत नाहीत.

यामागची हकिकत ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी सांगतात. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात कोरगावच्या एका काजू व्यापाऱ्यांच्या गाडीचे काम त्यांनी घाईत उरकले. गाडी गेल्यावर अवजारे पुसताना ड्रिलच्या टोकाला काहीतरी ओशट लागले. वास घेतला तर ब्रेक ऑइल. खालून न पाहता भोक पाडल्यामुळे ब्रेकच्या पाइपला इजा झाली होती. त्यांनी दुकान उघडे टाकले, स्कूटर काढली आणि उताराचा रस्ता लागण्याआधी गाडी गाठायचीच, म्हणून ते सुसाट निघाले. गाडी सापडली ती एका चहाच्या टपरीपाशी. व्यापारी उंड्याबरोबर, म्हणजे गोव्यातल्या गोल पावाबरोबर, भाजी खात बसले होते. रघुवीरबाबांनी त्यांना सर्वांसमोर सांगितले की, चूक माझी आहे, गाडी इथून हलवू नका. व्यापाऱ्यांनी त्यांना वाटेल ते ऐकवले. रघुवीरबाबांनी नवा पाइप आणून रस्त्यावरच बसवला आणि स्वतः गाडी चालवून खात्री केली. त्या व्यापाऱ्यांच्या घरातील पुढची प्रत्येक गाडी आमच्याच दुकानात आली. स्वतःची कीर्ती वाढवणाऱ्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वतःची चूक शिकवणीसारखी सांगणारे माझ्या पाहण्यात हे एकटेच.

माझ्यासारख्या परक्या माणसाला त्यांनी जे दिले ते लिहिताना हात थांबतो. मी दुकानात लागलो तेव्हा काही गिऱ्हाइके मला "तो घाटी" म्हणत. रघुवीरबाबांनी कोणाशी वाद घातला नाही. पुढच्या वेळी तसा कोणी आला की, ते माझ्याकडे हात करून म्हणत, "हे आमचे पाटीलबाब. वायरिंग कशें करचें तें हांगा तेच सांगतात." ते स्वतः माझ्याहून दहापट जाणकार. पण महिनाभरात सगळे मला पाटीलबाब म्हणू लागले. लग्नानंतर मला बिऱ्हाडासाठी खोली मिळेना, तेव्हा सुमतीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मागील दारची कोठी रिकामी करून दिली. तिथे आम्ही चार वर्षे राहिलो. गणेशचतुर्थीला, इथल्या चवथीला, त्यांच्या घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला आजही माझी बायको पुढे असते.

आता ज्या दिवसाची आठवण पेडणे तालुक्यात अजून निघते, तो दिवस. रघुवीरबाब मूळचे इब्रामपूरचे. त्या वर्षी पाऊस चार दिवस थांबला नव्हता. सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला की, नदी झपाट्याने वर चढते आहे, आणि बोलता बोलताच फोन तुटला. पुन्हा लागेना. आम्ही दोघे माझी पिकअप घेऊन निघालो. गावात पोहोचलो तर वीज गेलेली, फोन बंद, आणि नदीकाठच्या वाड्यावरचे, म्हणजे तिथल्या वस्तीतले, लोक निवांत घरात. दरवर्षी पाणी अंगणापर्यंत येते आणि जाते, असेच सगळे धरून चालले होते.

मी माइक हातात घेतला आणि पूर येत असल्याचे पुकारू लागलो. कोणी हलले नाही. एक गृहस्थ पडवीत आले आणि गाडीकडे बघून परत आत गेले. वर्षभर अशाच गाड्या मासळी आणि सेल पुकारत, मते मागत फिरतात. भोंग्याकडे आता लक्ष देतो कोण? रघुवीरबाबांनी माझ्या हातातून माइक घेतला. मला नवल वाटले, कारण हजारो माइक तपासलेल्या या माणसाला मी माइकवर "हॅलो" पलीकडे बोलताना कधी ऐकले नव्हते. मुलीच्या लग्नातही ते दोन शब्द बोलायला उभे राहिले नव्हते.

"गोपाळबाब, हांव रघुवीर गावस," ते म्हणाले. "पाणी येता. गोरवां सोड आनी देवळाकडे चल. शेवंतीवयनी, म्हातारेक घेवन भायर सर. कपडे नाका, म्हातारेक घे."

नाव ऐकताच दारे उघडली. प्रत्येक घरासमोर गाडी थांबवून त्यांनी घरातील माणसांची नावे घेतली. कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, सगळे त्यांना ठाऊक होते. जिथे गाडी जाऊ शकत नव्हती तिथल्या घरांसाठी आम्ही रस्त्याच्या टोकाला उभे राहिलो. उभे असतानाच पाणी केबिनमध्ये शिरले आणि सीटच्या खालच्या कडेला लागले. माझ्या गाडीचे वायरिंग नव्याने करताना अॅम्प्लिफायर सीटखाली ठेवावा, म्हणजे दिसायला नीट दिसेल, असा माझा आग्रह होता. तो त्यांनी ऐकला नव्हता. सीटच्या पाठीमागे, काचेखाली, खांद्याच्या उंचीवर बसवला होता. माझे ऐकले असते तर त्या दिवशी भोंगे तिथेच गप्प झाले असते. शेवटचे घर रिकामे होताना दिसले तेव्हाच त्यांनी मला गाडी मागे घ्यायला सांगितले. तीन तास ते बोलत होते. त्या वाड्यावरचे एकही माणूस गेले नाही. दोन म्हशी मात्र वाहून गेल्या, आणि त्यांची नावे आपण वेळेवर घेतली नाहीत अशी रुखरुख ते अजून बोलून दाखवतात.

गेल्या दोन वर्षांतील एक गोष्ट लिहू की नको, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी लिहायला सांगितली. त्यांचा उजवा कान आता जवळजवळ निकामी झाला आहे. आवाजावर पोट असणाऱ्या माणसाने असे काही लपवले असते तर कोणी दोष दिला नसता. यांनी डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतः सांगायला सुरुवात केली. काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. त्या आठवड्यात ते फार उदास होते. दुकानात येत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि अवजारांना हात लावत नसत.

मग एका सकाळी सुमतीवहिनी घरची कामे आटोपून दुकानात आल्या, तयार झालेल्या गाडीच्या सीटवर जाऊन बसल्या आणि त्यांना आवाज सुरू करायला सांगितला. थोडा वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या. "डावो इल्लो उणो येता," त्या म्हणाल्या, म्हणजे डाव्या बाजूचा आवाज जरा कमी येतो. रघुवीरबाब उठले आणि त्यांनी बटण फिरवले. पस्तीस वर्षे त्या माणसाच्या घरात राहून, शेजारच्या दुकानातून येणारी प्रत्येक कुरकुर ऐकून, वहिनींचा कान किती तयार झाला होता हे आमच्यापैकी कोणाला कळलेच नव्हते. तेव्हापासून कोणतीही गाडी वहिनींनी ऐकल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. गेलेली बरीच गिऱ्हाइके परत आली आहेत. दर शनिवारी कोरगाव आणि नार्व्याच्या चार मुली वायरिंग शिकायला येतात. त्यांना हात रघुवीरबाब शिकवतात आणि कान वहिनी.

असे हे आमचे रघुवीरबाब. त्यांच्या हाताला यापुढेही कंप येऊ नये, गाडीखाली सरपटण्याइतकी पाठ मोकळी राहावी, आणि उरलेल्या कानाने त्यांना नातवंडांची बडबड शंभरीपर्यंत ऐकू यावी, हीच आम्हा सर्वांची इच्छा. सुमतीवहिनींनाही तेवढेच आयुष्य आणि तेवढेच आरोग्य लाभो. दोघांनी मिळून अजून पुष्कळ गाड्यांना आवाज द्यायचा आहे, आणि आम्ही तो अभिमानाने ऐकणार आहोत.