चुन्याखालची वेलबुट्टी

दर तीन-चार वर्षांनी गावात भाट यायचा. मारुतीच्या पारावर बसून लाल कापडातली वही सोडायचा आणि घराघराच्या पिढ्या वाचायचा. अमक्याचा बाप तमका, त्याचा बाप फलाणा, बायको कुण्या गावची, कुण्या घरची. ऐकताना माणसं अशी फुगायची की विचारू नका. ज्याच्या आज्यानं जन्मभर दुसऱ्याची ढोरं राखली तोही पाटलासारखा मांडी ठोकून बसायचा. भुजंगरावांची पाळी आली की भाट मात्र पान उलटायचा. तुमचं न्हाई आमच्याकडं, एवढं म्हणायचा आणि पुढचं घर धरायचा.

भुजंगराव काही ऐरागैरा माणूस नव्हे. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते. पण डोळे घारे, कातडी उन्हानं तांबडी होणारी, आणि गावानं चिकटवलेलं नाव 'सायबाचे'. त्यांचा पणजा स्वित्झर्लंडचा. कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवायला जालन्याला आला, इथल्याच बाईशी संसार मांडला, गावाजवळ जमिनीचा तुकडा घेतला आणि पटकीनं गेला. चार वर्षांनी प्लेगात बाईही गेली. मागं राहिलं पोर कडूबा, म्हणजे भुजंगरावांचा आजा. त्याला मावशीनं वाढवलं. घरात एवढीच हकिकत होती. पणज्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं, सायेब म्हणजे सायेब.

सायबाची कबर शेताच्या बांधावर होती. अक्षय तृतीयेला दगडाला चुना द्यायचा, पुरणपोळीचा घास ठेवायचा आणि "सायेब, जेवा" म्हणायचं, हा घरचा रिवाज. आज्यानं पाळला, बापानं पाळला, भुजंगरावांनी पाळला. नव्वद-पंच्याण्णव वर्षांचा चुना! थरावर थर चढून दगडाचे कोपरेसुद्धा गोल झाले होते.

चौऱ्याण्णव साली भुजंगरावांची बायको गिरिजाबाई वारल्या. एकुलती लेक शिवकन्या मंठ्याला दिलेली, तिला तिचा संसार. घरात एक ताट, एक तांब्या. सकाळी चूल पेटवायची ती एका भाकरीसाठी, आणि भाकर चांगली झाली तरी सांगायचं कुणाला? रिकामं मन भलतीकडं धावतं, भुजंगरावांचं मागं धावलं. आपण कुणाचे हे कळल्याशिवाय मरायचं नाही, आणि भाटाच्या वहीत घर चढल्याशिवाय तर बिलकुल नाही, असं त्यांनी मनात घेतलं.

खुरपं घेऊन ते बांधावर गेले. पितरावर खुरपं चालवायचं म्हणून आधी कान धरले आणि मग खरवडायला बसले. दोन दिवस लागले. वर खोल कोरलेली इंग्रजी अक्षरं निघाली. खाली मऊ दगडावर बारीक वेलबुट्टी होती, ती चुन्याबरोबर पापुद्र्यासारखी सुटून आली. जाऊ दे नक्षी, म्हणून त्यांनी खालचा भाग खसाखसा साफ केला. नाव मिळालं होतं, आणखी काय पाहिजे?

हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या अप्पाराव मास्तरांनी नाव वाचलं. फ्रिडोलिन एल्मर, आणि खाली गावाचं नाव. तिकडं म्हणे प्रत्येक माणूस आपल्या मूळ गावच्या दप्तरात नोंदलेला असतो, कुठंही जाऊन मरो. मास्तरांनी पत्र लिहून दिलं. त्यानंतर भुजंगराव रोज पोस्टमनच्या वाटेवर उभे. पोस्टमन लांबूनच हात हलवून न्हाई म्हणायचा, तरी दुसऱ्या दिवशी हे हजर.

सात महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. आत अकरा पिढ्या! सोळाशे कितीपासूनचे बाप, लेक, सुना. मास्तर वाचत गेले आणि भुजंगराव पारावरच्या माणसांसारखे मांडी ठोकून बसले. शेवटच्या ओळीला मास्तर थांबले. लिहिलं होतं, फ्रिडोलिन, हिंदुस्थानात मयत, लग्न नाही, मूल नाही.

"मंग आम्ही कोण?" भुजंगरावांनी विचारलं.

मास्तरांनी सोबतचं पत्र उचललं. पुढं वाचू लागले. पत्र लिहिणारी बाई सज्जन होती. तिनं लिहिलं होतं की बायकोच्या नावाचा कसलाही पुरावा, कबरीवरचा लेख असला तरी, त्याचा फोटो पाठवा, नोंद करण्याचा विचार होईल. मास्तरांनी विचारलं, दगडावर आणखी काही नव्हतं का? नव्हतं, भुजंगराव म्हणाले, नुसती वेलबुट्टी.

मास्तरांनी कागदावर बोटानं एक आडवी रेघ ओढली. मग हळूच म्हणाले, "त्या वेलीला वरून लांबच्या लांब आडवी रेघ होती का?"

"होती की."

"भुजंगराव, ती मोडी असंल. जुनी माणसं मोडीच लिहायची. बाईनंच लिहवून घेतलं असंल, स्वतःच्या नावानिशी."

 भुजंगराव तसेच बांधावर गेले आणि मातीत हात घालून चाळत बसले. पण सात-आठ महिने होऊन गेले होते, वखर फिरला होता. चुना आणि दगड, दोन्हीची माती झाली होती.

त्या हिवाळ्यात भाट आला. भुजंगरावांनी कागद पुढं केले. भाटानं अकरा पिढ्या ऐकल्या, मान डोलावली, दौत उघडली आणि रीतीप्रमाणे विचारलं, कडूबाची माय कुण्या घरची, नाव काय? सगळा पार बघत होता. जन्मभर ज्या घटकेची वाट पाहिली ती समोर होती, आणि भुजंगरावांनी कागदांची घडी घातली. लिहू नका, म्हणाले, आणि घरी आले. सायबाचं नाव सात समुद्रापलीकडून आणलं, आणि जी आपल्याच मातीतली, जिनं पोर जगवलं, तिचं नाव आपल्याच हातानं खरवडलं. हे सांगायला घरात माणूस नव्हतं.

अक्षय तृतीयेला ते बांधावर गेले. वर घास ठेवला, "फ्रिडोलिन एल्मर, जेवा" म्हणाले. पहिल्यांदाच नावानं वाढलं होतं. मग दुसरा घास खाली, खरवडलेल्या जागेपाशी ठेवला. नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"माय," शेवटी ते म्हणाले, "म्या नक्षी समजलो."

त्या वर्षी त्यांनी दगडाला चुना दिला नाही.