कोरी बाटली

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरी सगळ्यांचं ठाम मत आहे. मी चहात चोरून जास्त साखर घातली तरी नवऱ्याला माझ्या चेहऱ्यावरून कळतं म्हणे. बिचारा! ही एक गोष्ट त्याला कळलेली नाही — त्याला नाही, मुलीला नाही, लॅबमधल्या कुणालाही नाही. तुम्हाला सांगतेय. आताच का, ते विचारू नका. मलाही नीटसं माहीत नाही.

आधीच सांगून ठेवते, मी काही दुःखी वगैरे बाई नाही. इंद्रलोक नावाच्या नव्या वस्तीत आमचं छान घर आहे, बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, रिटायर झाल्यापासून दुपारी मनसोक्त झोपते. या गोष्टीमुळे माझी झोप उडाली, असं लिहायला शोभून दिसलं असतं. पण उडालेली नाही.

मी पाणी तपासायची. एका खासगी लॅबमध्ये बरीच वर्षं होते. नद्या, ओढे, खाडीला मिळणारं गोडं पाणी — शेतावर मारलेलं कीटकनाशक त्यात उतरलंय का, एवढंच बघायचं. हे विष डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला वासही येत नाही, आणि प्यायल्याबरोबर कुणी आडवंही पडत नाही. थोडं थोडं पोटात जात राहतं, वर्षानुवर्षं. लहान मुलांना आणि पोटुशी बायांना त्याचा धोका जास्त. म्हणून या कामात हात स्वच्छ लागतो. आणि माझा हात स्वच्छ — असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे.

आमच्या कामाची एक रीत आहे. नदीवर जाताना रिकाम्या बाटल्यांबरोबर एक भरलेली बाटलीही न्यायची — लॅबमधल्या शुद्ध पाण्याची. काठावर तिचं झाकण उघडायचं, थोडा वेळ तशीच ठेवायची, बंद करून परत आणायची आणि नदीच्या पाण्यासारखीच तपासायची. आम्ही तिला कोरी बाटली म्हणायचो. ती कोरीच निघाली पाहिजे. तिच्यात काही सापडलं तर ते नदीतलं नाही — तुमच्या हातातलं. नवीन मुली हसायच्या, की मॅडम, शुद्ध पाण्याला फिरवून काय आणायचं? मी त्यांना झाडायचे. नदीवर आरोप करण्याआधी स्वतःची झडती द्यावी, असं काहीतरी भारदस्त बोलायचे. किती आवडायचं मला ते वाक्य!

तर राई. खाडीकाठचं जुनं गाव. गावामागून एक ओढा येतो आणि खाडीत उतरतो. त्याच्या कडेला तेव्हा भाजीचे मळे होते. शेवटचा मळा हिराचा. हिरा माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. पाणी घ्यायला गेले की माझ्या चपला आणि पिशवी सांभाळत बांधावर बसायची आणि निघताना पिशवीत वांगी कोंबायची. पांढरट, काटेरी, बुटकी वांगी. तशी मी दुसरीकडे कुठे खाल्ली नाहीत. तिची नात जुई कडेवर असायची. मोठ्या डोळ्यांची, गोड पोरगी, पण बोलायची नाही. तिच्याएवढी पोरं घर डोक्यावर घेत होती आणि ही नुसती बघायची.

आता — त्या सकाळचं.

आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता. पानांमागे पांढरा कापूस चिकटल्यासारखा. रोपांच्या दुकानदाराने एक बाटली दिली होती, “मॅडम, बस एक ढक्कन, सब साफ हो जायेगा.” कामावर निघायच्या आधी मी ते मारलं. मारलं म्हणजे काय, पंपाने भागेना म्हणून बोटांनीच पान अन् पान चोळलं. हात धुतले, घाईघाईत, नुसत्या पाण्याने. हातमोजे पिशवीत होते. उकाड्यात ते नकोसे होतात. आणि स्वच्छ हाताला मोजे कशाला?

कळलं ना तुम्हाला? मलाही लगेच कळलं — मशीनवर आकडे आले तेव्हा. ओढ्याच्या पाण्यात एक कीटकनाशक सापडलं. कोऱ्या बाटलीतही तेच. आणि ते नाव मी त्याच सकाळी वाचलं होतं, माझ्या बाल्कनीत, चष्मा लावून.

काय करायला हवं होतं? काहीच कठीण नव्हतं हो. साहेबांना सांगायचं, माझ्या हाताची चूक, नमुना पुन्हा घेते. ते रागावलेसुद्धा नसते. पण त्या नवीन मुली हसल्या असत्या. ज्या बाईने त्यांना कोऱ्या बाटलीवरून झाडलं, तिचीच बाटली काळी निघाली — हे मला सोसणार नव्हतं. एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी मी कोऱ्या बाटलीचा आकडा पुसला आणि सांगितलं, रिक्षा खड्ड्यात आदळल्यावर ती फुटली. धडधडीत खोटं बोलायला मला जमत नाही, म्हणून आधी ती मोरीत आपटून फोडली आणि मग सांगितलं.

ओढ्याच्या पाण्याचा रिपोर्ट मात्र गेला. ज्यांनी तपासणी करायला दिली होती, त्या मंडळींनी गावात सभा घेतली. ओढ्याला लागून मळे किती उरले होते? बोट हिराकडेच वळलं. तिचा नवरा शपथा घेत राहिला, “आमी त्या औषध मारीतच न्हाय!” खरंच सांगत होता तो. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मी काय केलं? माझ्या पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

पण हेही माझं खरं सांगणं नव्हे. बाटली फोडली, सभेत गप्प बसले — हे मी कदाचित कुणाला हसत हसत सांगूनही टाकलं असतं. जे सांगवत नाही ते नंतरचं आहे.

सभा संपली. हिरा जुईला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या तोंडाळपणाचा मागमूस नव्हता. अगदी हळू विचारलं, “ताई, आमचे पान्यानंच झाला काय हा पोरीला?”

मी एका शब्दात तिला मोकळं करू शकत होते. नाही, एवढंच म्हणायचं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “तसं सांगता येत नाही, हिरा.” अगदी शास्त्रशुद्ध उत्तर. त्यात चूक काढून दाखवा! तिने माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि मान हलवली. नवऱ्याच्या शपथेपेक्षा माझा रिपोर्ट खरा मानून, आपणच नातीला विष पाजलं, असं ती बाई त्या दिवसापासून धरून चालली. मी तिला तसं धरू दिलं.

त्या हंगामात तिने मळा बंद केला. नवरा नको म्हणत होता. हिनेच हट्टाने वाफे मोडले. तो आता एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर बसतो. पुढच्या वेळी मी पाणी घ्यायला गेले — साबणाने हात धुऊन, मोजे घालून. ओढा स्वच्छ. कोरी बाटलीही कोरी. मळा बंद झाला आणि पाणी सुधारलं, सगळं जुळलं! साहेबांनी माझं कौतुक केलं. मी पेढे आणले होते का? आणले होते.

आणि जुई बोलायला लागली. उशिरा बोलणारी पोरं बोलतात तशी — एकदम, धबाधबा. आता शाळेत जाते आणि बाई तिला गप्प बसवून थकतात. हिराचं म्हणणं, मळा सोडला म्हणून पोर बोलली. “ताईंनी सांगला म्हनून वाचलो,” असं ती अख्ख्या गावाला सांगते. दर होळीला मला घरी जेवायला बोलावते. मी जाते. तिच्या हातचं सुक्या मासळीचं कालवण मला फार आवडतं, आणि जुई माझ्या मांडीवर बसून न थांबता बडबडते. खूप बरं वाटतं. खोटं कशाला बोलू — त्या घरात मी सुखी असते.

मळा मोडताना हिराने वांग्यांचं बी राखलं होतं. ते तिने मला दिलं. आमची जमीन बाटली, तुमच्याकडे लावा, तुमच्या बाल्कनीत सगळं चोख असतं, म्हणाली. मी लावलं. त्याच कुंडीत, जिथे ती जास्वंद होती. यंदा चांगलीच धरली, पांढरट, काटेरी, बुटकी. चार वांगी मी हिराला नेऊन दिली. तिने ती पदरात घेतली, त्यांचा वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मग जुईला हाक मारून म्हणाली, “खा गो बाय, ही ताईंची हायेत. यांच्यात जहर न्हाय.”

उरलेल्यांचं मी घरी येऊन भरीत केलं. चव तीच होती. पोटभर जेवले, आणि दुपारी झोपले.