कादंबरीतली मैत्रीण भांडत नाही

माझ्या मैत्रिणीची पोर यवतमाळला कॉलेजात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि एक कादंबरी माझ्या हातात ठेवून गेली. कुण्या नव्या लेखिकेची पहिलीच, दोन मैत्रिणींची गोष्ट. यात मले माय दिसली, म्हणाली, तू वाच.

तिची माय कपाशीच्या त्या वाईट वर्षांत गेली. फवारणीवाल्यांना पाणी वाहून देता देता औषध अंगात भिनलं आणि दवाखान्यातून ती परत आली नाही. पोर तेव्हा अंगणवाडीत होती.

कादंबरी चांगली आहे, खोटं कशाला बोलू. माणसं अशी उभी केली आहेत की त्यांच्या घरी जाऊन चहा प्यावासा वाटतो. पण त्यातली मैत्रीण सोशिक, गोड. कधी आवाज चढवत नाही. मला रागच येत गेला. पुस्तक मिटलं की माझी मैत्रीण समोर येऊन बसायची, अशी होती का मी, म्हणून जाब विचारायची. मला तिची भीती वाटायची, आणि तिनं उठून जाऊ नये असंही वाटायचं.

आमच्याकडे कापूस वेचताना बाया जोडीनं पाती धरतात, म्हणजे एकेक ओळ वाटून घेतात. जिची पात आधी संपते ती दुसरीच्या पातीला समोरच्या टोकाकडून लागते. माझा हात हळू. ती दर वेळी समोरून वेचत यायची, आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल असं मला झोडपायची. पण यायची. कादंबरीतली नुसती गालात हसली असती.

पोर पुस्तक न्यायला आली. माय अशीच होती ना, तिनं विचारलं. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, आणि गावानं तर तिला देवीच करून टाकलं होतं. हो म्हणायला माझी जीभ रेटेना. सांगून टाकलं, तुझी माय फाटक्या तोंडाची होती, राग सदा नाकावर.

पोर म्हणाली, "घरी सारे म्हणतात, माय देवी होती, तू कोनावर गेली? मले वाटे, माझ्यात तिचं काहीच नाही."

"तिच्यावरच गेली," मी म्हणाले.

मला वाटलं, आता रडेल. ती उसळलीच.

"मंग इतके वर्षं काहून नाही सांगतलं?"

शेजारीण दारातून डोकावली, इतका तो आवाज चढला. तोच आवाज. तिनं अजून थोडा वेळ रागवावं, एवढंच मला हवं होतं.