बांधलेला डावा हात

फोन जयवंतीच्या वडिलांचा होता. मी कचेरीत होते, समोर दाखल्यांसाठी आलेल्यांची रांग होती, आणि शिपायाने रिसीव्हर हातात दिला तेव्हा मी जरा वैतागूनच "कोण?" म्हटलं. पलीकडून ते म्हणाले, "बाय, जयूला मारली गो त्यांनी." मला वाटलं, पुन्हा कुठे मारामारी झाली असेल, टाके पडले असतील. जयवंतीच्या बाबतीत माणूस आधी तेच समजणार. "फार लागलंय का?" मी विचारलं. ते म्हणाले, "गेली ती." रांगेतल्या पहिल्या म्हातारीच्या अर्जावर मी सही केली, शिक्का मारला, आणि मगच खुर्चीतून उठले.

आज या गोष्टीला दीड महिना झाला. जयवंती भाईंदरजवळच्या मुर्ध्याची. वडील खाडीत जाळं टाकायचे, आणि जुन्या मिठागराच्या बांधालगत त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता. मी राजापूरकडची, भाईंदरच्या चाळीत वाढलेली. कॉलेजातली आमची मैत्री, आणि राज्यसेवेचा पहिला फॉर्मही आम्ही एकाच दिवशी भरला. बेव्हर्ली पार्क नावाच्या नव्या वस्तीत माझ्या मामाने घेऊन ठेवलेला फ्लॅट भाडेकरूविना पडून होता, तीच आमची अभ्यासिका. एक टेबल, दोन खुर्च्या, एक माठ. अभ्यासात ती माझ्या कितीतरी पुढे. आधी जुन्या प्रश्नपत्रिका, मग पुस्तक, हा तिचा नियम. "काय विचारतात ते न बघता वाचणं म्हणजे हमाली," म्हणायची. रोज घड्याळ लावून उत्तरं लिहायची आणि एकमेकींची तपासायची. माझ्या पानांवर ती अशी फुली मारायची की कागद फाटायचा. पंचायतराजवरचं माझं एक उत्तर तर तिने चुरगाळून खिडकीतून खाली टाकलं. "हे उत्तर आहे की लग्नपत्रिका? सगळी जागा नमनातच घालवलीस!" मी खाली जाऊन कागद उचलून आणला आणि रडत रडत पुन्हा लिहिलं. ते दुसरं उत्तर चांगलं होतं, हे आज कबूल करते.

तिचा हात मात्र जिभेच्याही आधी चालायचा. बसमध्ये अंगचटीला आलेल्या एकाचा चष्मा तिने त्याच्याच तोंडावर फोडला होता. आमच्या अभ्यासिकेच्या बिल्डिंगचा वॉचमन दारू पिऊन बायकोला मारायचा. एका दुपारी खालून किंकाळी आली, आणि मी पेन खाली ठेवीपर्यंत ही जिना उतरलेली. मी पोचले तेव्हा तो म्हणत होता, "मेरी बीवी है, आप कौन?" उत्तरादाखल जयूने पाण्याची लोखंडी बादली उचलून त्याच्या नाकावर हाणली. रक्त त्याच्या शर्टावर, भिंतीवर, तिच्या ओढणीवर. चौकीतल्या हवालदाराने त्यालाच दोन ठेवून दिल्या आणि आम्हाला सोडलं, पण जाताना म्हणाला, "मॅडम, परीक्षा देताय ना? आज गुन्हा नोंदवला असता तर?" त्या वाक्याने माझी झोप उडाली. निवड झाल्यावर भरायचा साक्षांकन नमुना मी एका ओळखीच्या अधिकाऱ्याकडून मागून आणला आणि तिच्यापुढे आपटला. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, अटक झाली आहे का... "हे कोरं राहिलं पाहिजे," मी म्हटलं, "नाहीतर तुझा सगळा अभ्यास खाडीत." तिने नमुना ओळ न ओळ वाचला.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या जाळ्याची दोरी घेऊन आली. डावं मनगट खुर्चीच्या हाताला बांधलं, गाठ दातांनी आवळली, आणि उजव्या हाताने लिहायला लागली. "पूर्वी लोक शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करायचे म्हणे," मी चिडवलं. "मला शेंडी नाय. हात हाय," ती म्हणाली. आठवड्याने खालून पुन्हा किंकाळ्या आल्या. ती मूलभूत हक्कांवर लिहीत होती. प्रत्येक किंकाळीला दोरी ताणली जायची, खुर्ची करकरायची, मनगट लाल झालं, सोललं, पण तिने उत्तर वेळेत संपवलं. मी ते तपासलं आणि दहापैकी आठ दिले. खाली जायला मला कुणी बांधलं नव्हतं, तरी मी गेले नाही. उलट, जयू सुधारली म्हणून मला अभिमान वाटला. लाज वाटते आता.

मुख्य परीक्षेला अकरा दिवस उरले असताना मी मुर्ध्याला तिच्या घरी जेवायला गेले होते. मिठागरावर भराव टाकणारे डंपर तिच्या वडिलांच्या तुकड्यात घुसले होते, आणि ते अडवायला एकटेच बांधावर गेले होते. ओरडा ऐकून आम्ही धावलो. मुकादम आणि त्याची दोन माणसं फावड्याच्या दांड्याने त्यांना मारत होती. ते चिखलात पडलेले, तोंडातून रक्त येतंय, आणि दांडा चाललाच आहे. जयू झेपावली. मी मागून तिला मिठी मारली आणि तिची दोन्ही मनगटं धरली. "जयू, फॉर्म आठव! अकरा दिवस! फॉर्म आठव!" मी किंचाळत होते. तिने माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी सोडलं नाही. ती माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीची, मला सहज झटकू शकली असती... पण हळूहळू तिचेच हात सैल पडले. तिच्या वडिलांचे दोन दात पडले आणि गळपट्टीचं हाड मोडलं. तक्रार लिहून द्यायची वेळ आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "साक्षीदार म्हणून माझं नाव नको घालूस. पडताळणीत विचारतील." तिने नाव घातलं नाही. घरच्यांशिवाय दुसरा साक्षीदार नाही म्हणून तो अर्ज तसाच राहिला.

मी निवडले गेले, नायब तहसीलदार झाले. ती मुलाखतीत थोडक्यात राहिली, पुढेही दोनदा राहिली, आणि गेल्या वर्षी तिचं वय संपलं. आम्हा परीक्षावाल्यांत असंच म्हणतात, वय संपलं, म्हणजे फॉर्म भरायचं. वडिलांना झालेल्या मारहाणीचं प्रकरण तिने पुन्हा उकरून काढायचं ठरवलं आणि मला फोन केला. "मंगे, आता तरी साक्ष दे. डंपर परत यायला लागलेत." मी म्हटलं, "जरा थांब, माझा परिवीक्षा कालावधी वाढवलाय, तो संपू दे, नोकरी कायम होऊ दे." ती रागावेल असं वाटलं होतं. ती हसली. "माझी तरी खुर्ची लाकडाची होती गो. तुझी दोरी कशाला बांधलीय?" एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी पुन्हा केला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती बांधावर एकटी उभी राहिली, वडील पूर्वी राहिले होते तशीच. हातात वल्हं होतं. या वेळी तिला धरायला कुणी नव्हतं. तिने मुकादमाचा खांदा फोडला, एकाला खाडीत लोळवलं, आणि मग मागून तिच्या डोक्यात सळई बसली. पडल्यावरही ते मारत होते. तिला उचलणाऱ्या बायकांनी मला सांगितलं, मुठी उघडतच नव्हत्या. मुकादमाचं हाड मोडलं हे ऐकून मला बरं वाटलं. सरकारी खुर्चीत बसणाऱ्या बाईने असं लिहू नये, हे मला ठाऊक आहे. लिहिते.

बाराव्याला मुर्ध्याला गेले. मामाने फ्लॅट विकला तेव्हा ती खुर्ची जयूने घरी नेली होती. गावातल्या मुलींचा अभ्यास ती त्याच खुर्चीत बसून घ्यायची. डाव्या हाताच्या लाकडात दोरीने बोटभर खाच पडलीय, आणि दोरी अजून तिथेच आहे. मी गाठ सोडायला गेले, तर तिचे वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिनंच बांधलेली हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला मारलं त्या दिसाला तू व्हतीस. आता तरी बोलशील का न्हाय?"

माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. मी त्याच खुर्चीत बसले, कागद मागितला. त्या दिवशी काय पाहिलं, कोणी मारलं, कशाने मारलं, सगळं तिने शिकवलं तसं लिहिलं, नमन न लावता. शेवटी एकच राहिलं होतं, की तेव्हा मी काय करत होते. डावा हात आपसूक त्या खाचेवर गेला होता. जयूने कागद फाडला नसता असं ते एकच उत्तर होतं, आणि मी ते लिहून खाली सही केली: मी तिचे हात धरून ठेवले होते.