दादाच्या रायफलीचं माप

आमच्या घरात बंदूक होती. बंदूक म्हणलं की माझा दादा, सुखदेव, चिडायचा. "यमे, रायफल म्हण. बंदूक जत्रेत फुगे फोडायला असते." मला काय, रायफल म्हणा नाहीतर बंदूक, भीती तेवढीच.

दादा जाऊन आता वर्ष होत आलं. मंडळातले लोक म्हणाले, यमुनाताई, दादांचं काहीतरी लिहून द्या अंकासाठी. दादाचं लिहायचं तर रायफलीचंच लिहावं लागतं. माझी शाळा सातवीपर्यंत. बोलते तसंच फोनवर टाईप करतेय, सांभाळून घ्या.

मँचेस्टरच्या बाहेर आमचं घर. दादा इथल्या एका कारखान्यात टूलरूमला होता, लोखंड घासून घासून बरोबर मापाला आणायचं काम. तो रिटायर झाला, वहिनी गेली, तिकडं लंडनजवळ इल्फर्डला, आमच्या घरी, माझे मिस्टर पण वारले. मग दादाचा फोन आला, "दोघांनी दोन घरात भिंतींशी काय बोलत बसायचं, ये इकडं." मी बॅगा भरून आले. आले तर थोड्याच दिवसात पोलिसांचा माणूस दारात, दादाच्या लायसन्सचं रिन्युअल. त्यानं मला सोफ्यावर बसवून विचारलं, घरात रायफल आहे त्याची तुम्हाला काळजी वाटते का? दादा माझ्या तोंडाकडं बघत उभा. मी म्हणलं, "नो नो, व्हेरी गुड." आणि सोफ्याची उशी पोटाशी घट्ट धरली.

आमचे वडील पलटणीत होते. थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे असलेला त्यांचा फोटो आहे आमच्याकडं, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलेला. दादानं इथं तसलीच घेतली, आपल्याकडच्या कारखान्यात बनलेली, कुठून कुठून फिरत इंग्लंडला आलेली. म्हणायचा, "बापाचीच नसेल, पण तिची बहीण तर असेल."

मी बंदुकीला घाबरायचे आणि दादा लायसन्स जाईल म्हणून घाबरायचा. "आपल्या रंगाच्या माणसाच्या हातात रायफल आहे, यमे. क्लबातला गोरा कीथ चुकला तर त्याला समज देतील. मी चुकलो तर पेपरात फोटो येईल." त्यामुळं त्याचे नियम फार. कारमध्ये नेताना ती मासे धरायच्या गळाच्या पिशवीत, शेजाऱ्यांना वाटावं म्हातारा कॅनॉलवर चाललाय. टीव्हीवर कुठं गोळीबाराची बातमी आली की पुढचे काही आठवडे नेमबाजीच्या क्लबात जाणं बंद. आणि मागच्या शेडमधल्या, रायफल ठेवायच्या लोखंडी कपाटाची किल्ली. लायसन्स नसलेल्या माणसाला, म्हणजे मला, ती कुठं असते हे कळता कामा नये. मी घर झाडायला लागले की तो मागं मागं फिरायचा. मी म्हणायचे, "अरे मी काय दरोडा घालणारे का?" तर म्हणायचा, "'किल्ली कुठंय मला माहीत नाही' असं तुला पोलिसांना खरं सांगता आलं पाहिजे."

हा कीथ म्हणजे क्लबातला त्याचा जोडीदार. आधी बस चालवायचा. रविवारी आमच्याकडं जेवायला यायचा, ठेचा खाऊन लालबुंद व्हायचा, डोळ्यातून पाणी, आणि परत बशी पुढं. दादा त्याला म्हणायचा, "तुझ्या लोकांनी आमच्यावर राज्य केलं आणि तुला एक मिरची झेपेना."

तर त्या रायफलीचं दुखणं असं होतं की तिची नळी आतून रुंद होती. जुनी रायफल, किती जणांनी झाडलेली, आणि दादा म्हणायचा लढाईच्या घाईत बनवतानाच सैल ठेवायचे. दुकानातली गोळी तिच्यात ढिली पडायची. पातेल्यावर लहान झाकण ठेवलं की कडेनं वाफ निसटते ना, तसा गोळीच्या कडेनं जाळ पुढं निसटतो, मग गोळी डुगडुगत जाते आणि वाटेल तिथं लागते. त्याचे टार्गेटचे कागद बघितले तर कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखी भोकं. म्हणून दादा शेडमध्ये शिसं वितळवून गोळ्या स्वतः ओतायचा. साचा जरासा घासून मोठा करायचा, ओतायचा, मोजायचा, क्लबात जायचा, तोंड पाडून यायचा. शिशाचं काम झालं की हात घासून धुतल्याशिवाय मी चपातीला हात लावू द्यायचे नाही.

"अजून केसभर कमी पडतेय, यमे."

"मग केसभर वाढव की."

"किती वाढवू ते नळीनं सांगायला पाहिजे ना! सगळी भोकं एका पुरीखाली झाकली गेली पाहिजेत. मग सोडून देतो बघ."

नळीचं माप घ्यायची एक रीत होती त्याची. रायफल रिकामी करायची, मागून नळी बंद करणारा दांडा, बोल्ट म्हणतात त्याला, तो काढायचा, आणि मऊ शिशाचा गोळा नळीच्या तोंडातून आत ठोकायचा, वर लाकडी दांडी धरून हळूहळू. गोळा नळीत घट्ट दाबला जातो, नळीच्या आतले पिळाचे चर त्याच्यावर उमटतात, आणि मागच्या बाजूनं बाहेर पडला की तो मोजायचा. तेच नळीचं माप. खाली पडून चेपू नये म्हणून एक फडकं, आणि फडक्याखाली माझा ओव्हनचा ट्रे. मला न विचारता नेलेला.

स्वयंपाकघराची खिडकी शेडकडं. मला काही बघायला लागायचं नाही. ठक ठक ठक, आवाज खोल खोल जायचा, मग जरा थांबायचं, आणि ट्रेवर धप्प. धप्प झालं की मी श्वास सोडायचे. म्हणायचे, चला, निघालं भूत बाहेर. दादानंच मला एकदा सांगितलं होतं की नळीत काही अडकलेलं असताना गोळी झाडली तर नळी फुटते, झाडणाऱ्याचा चेहरा राहत नाही. सांगायला नको होतं त्यानं. तेव्हापासून त्या धप्पची मी वाटच बघायचे.

त्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. तिकडं दादाची ठकठक चालू. आधीचं माप चुकलं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून परत घेत होता. माझं थापणं, त्याचं ठोकणं, दोन्ही एका तालात. मग त्याचं थांबलं. कपाटाचं लोखंडी दार वाजलं. दादा आत आला आणि माझ्याशी न बोलता जिना चढून वर गेला, कठड्याला धरून. खाली आला तेव्हा अंगावरचा शर्ट भिजलेला, ओठ राखेच्या रंगाचे.

"यमे, अँब्युलन्सला फोन कर. छातीत कळ आलीय."

छातीत कळ घेऊन हा माणूस आधी रायफल कुलपात घालून आला, आणि मग किल्ली लपवायला जिना चढला. ते मला आजही सहन होत नाही.

हॉस्पिटलमधून तो परत आला नाही. दीक्षा, त्याची मुलगी, एडिनबराहून आली, पण त्याच्याशी बोलणं झालं नाही तिचं. भंतेजी आले, वंदना झाली. त्या दिवसांतलं मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की लोक माझ्याशी बोलायचे आणि माझं लक्ष त्या कपाटाकडं. मालक गेला आणि ती आत उभी आहे. मी शेडच्या दारापुढं खुर्ची लावून ठेवली, जसं काय ती बाहेर येणार होती. किल्ली कुणालाच सापडेना. शेवटी पोलिसांना विचारून कीथ आला, कुलूप कापलं आणि रायफल आणि गोळ्या त्याच्याकडं घेऊन गेला. त्या दिवशी झोप लागली मला.

काही आठवड्यांनी दीक्षा म्हणाली, "आत्या, क्लबमधे बाबाच्या मेमरीसाठी फायरिंग करणार आहे. बाबाची रायफल, बाबानी केलेला लास्ट गोळ्या. कीथ अंकल करणार. तू यायचंच."

"मी नाही येत. मला त्या आवाजानं काहीतरी होतं."

"प्लीज, आत्या. मला एकटी रडायचं नाही आहे."

म्हणून गेले. डोंगरावरची जागा, वारा कानात शिरत होता, लांब मातीच्या बांधापुढं टार्गेटचे कागद. एक लाल रेघ, तिच्यापुढं झाडणाऱ्याशिवाय कुणी जायचं नाही, हे दादानं घरी शंभरदा सांगितलेलं. कीथनं पिशवीतून रायफल काढली, बोल्ट मागं ओढून आत बघितलं, "क्लिअर" म्हणाला. डोळे भरलेले होते त्याचे. बोल्ट काढून नळीतून आरपार बघायचं असतं, ते त्यानं केलं नाही. मलाही तेव्हा ते माहीत नव्हतं. मग तो चटईवर पालथा झोपला. सगळ्यांनी कानावर ते जाड हेडफोन लावले. दीक्षानं माझ्याही कानावर बसवले.

आणि एकदम सगळं गप्प. वारा गेला, माणसं गेली. त्या गप्पपणात मला आमची सकाळ ऐकू यायला लागली. भाकरी. ठक ठक ठक. मग थांबलं. मग कपाटाचं दार.

धप्प कुठं होतं?

मी परत ऐकलं. ठक ठक, थांबलं, दार. ट्रेवर काही पडलंच नव्हतं.  लगेच दुसरं मन म्हणायला लागलं, अगं, तू भाकरी थापत होतीस, ऐकायचं राहिलं असेल. एवढ्या गोऱ्या माणसांत वेडी म्हातारी ठरशील, दादाच्या नावाला बट्टा लागेल. तोवर कीथनं पहिली गोळी भरली.

"थांबा! कीथ, नो! स्टॉप!" मी ओरडले, पण सगळ्यांचेच कान बंद. दीक्षाला दिसलं माझं तोंड हललेलं. तिला वाटलं मी रडतेय. तिनं मला मिठीच मारली, घट्ट, दोन्ही हात माझ्या हातांवरून. मी सुटायला बघतेय आणि ती आणखी दाबतेय, पाठीवरून हात फिरवतेय. तिच्या खांद्यावरून मला कीथ दिसत होता. गाल लाकडाला टेकवला होता त्यानं.

मी तिला ढकललं. पोरगी मागं पडली. मी ती लाल रेघ ओलांडली आणि खाली बसून कीथचा बूट दोन्ही हातांनी ओढला.

दंडाला लाल पट्टी बांधलेला, तिथं देखरेख करणारा साहेब माझ्या अंगावर ओरडत धावला. कीथनं बोट काढलं, गोळी बाहेर काढली, हेडफोन काढला. "यमुना, लव्ह, काय झालं?"

मला इंग्लिश सुचेना. दीक्षा कपडे झटकत आली, तिला म्हणलं, "सांग त्याला, शिसं पडलं नाही. ट्रेवर आवाज नाही आला. त्या दिवशी."

"आत्या, काय बोलते तू?"

"अगं तुझा बाप माप घेत होता! ते आतच आहे!"

तिनं कसंबसं सांगितलं. कीथनं बोल्ट पूर्ण बाहेर काढला, रायफल आभाळाकडं धरली आणि नळीत डोळा लावला. मग खाली घेतली, परत वर धरली. नळीतून उजेड दिसायला पाहिजे. अंधार होता.

तो चटईवर बसूनच राहिला. त्या साहेबानंच रायफल त्याच्या हातातून घेतली. कीथ म्हणाला, "मी बघितलं नाही. चाळीस वर्षं दर वेळी बघतो. आज नाही बघितलं." दीक्षा माझा हात सोडेना. त्या दिवशी कुणी काही झाडलं नाही.

कीथनं नंतर ते शिसं घरी दांडीनं बाहेर काढलं, मोजलं आणि मला आणून दिलं. बोटाच्या पेराएवढं, अंगावर पिळाचे चर. म्हणाला, सुखदेवचं खरं होतं, त्याच्या सगळ्या गोळ्या अजून लहानच होत्या. मग त्या मापाचा साचा त्यानं दादाच्याच कानशीनं घासला आणि नव्या गोळ्या ओतल्या. मला विचारलं, येशील? मी नाही म्हणलं. मग हो म्हणलं. घरी बसून टेलिफोनची वाट बघणं त्याहून वाईट.

परत तोच डोंगर, तोच वारा. भरायच्या आधी कीथनं बोल्ट काढला, नळी आभाळाकडं केली आणि मला म्हणाला, "आधी तू बघ." माझी मान पुढं जाईना. मग डोळा लावला. आत गोल स्वच्छ उजेड होता, आणि चर त्याच्याभोवती पिळत गेलेले. मी बराच वेळ बघितलं. कीथ थांबला.

"हं," म्हणलं. "मार."

रेघेच्या मागं जाऊन कान दाबून डोळे मिटून उभी राहिले. प्रत्येक आवाजाला दचकले. डोळे उघडले तेव्हा कीथ उठून गुडघे झाडत होता, चेहऱ्यासकट.

तो टार्गेटचा कागद आता आमच्या फ्रिजवर आहे. मी पुरी लाटून त्याच्यावर ठेवून बघितली. चार भोकं झाकली जातात, एक बाहेर राहतं. दादा असता तर त्या एकासाठी परत शिसं वितळवायला बसला असता.

किल्ली अजून सापडली नाही. वरच्या मजल्यावर कुठंतरी आहे. मी झाडते, पण शोधत नाही.