कंसमामा आणि एक्केचाळीस नावं

आमच्या जळगावच्या ऑफिसात सगळे कागदावरचा मजकूर वाचत, मामा कंस वाचत. कंस उघडला की डाव्या हाताचं एक बोट दुमडायचं, बंद झाला की सोडायचं. पान संपलं आणि एखादं बोट दुमडलेलंच राहिलं, तर ते जागचे हलत नसत. चहा आला तरी उजव्या हाताने घेत. म्हणून ते कंसमामा. पुराणातल्या कंसाशी त्यांचं साम्य मामा असण्यापुरतंच. कुणाला लागेल असा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

मूळचे एरंडोलचे. गणिताची मास्तरकी सोडून पंचेचाळिशीत संगणक शिकले. एरवी शुद्ध बोलत, पण काम अडलं की अहिराणीवर येत. मग आम्ही समजायचो, आता मामा खरंच कामाला लागले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या नर्सिंग प्रवेशाच्या याद्या आम्ही करायचो. मुलींचे दहावीचे परीक्षा क्रमांक टेलिफोनच्या तारेवरून बोर्डाच्या दूरच्या संगणकाला पाठवले की तो निकाल परत धाडायचा. उत्तर यायचं कंसांत गुंडाळून: मुलीच्या कंसात निकालाचा कंस, त्याच्या आत विषयांचा. ते उलगडून यादी करणारा प्रोग्रॅम माझा होता. मला नोकरी लागून चारच महिने झाले होते.

यादी संध्याकाळी पाठवायची होती. दुपारी बाहेर लावलेली कच्ची यादी पाहून शिंदखेड्याचे एक आबा सुनेला घेऊन आत आले. तिचं नाव नापासांत होतं. आबांनी गुणपत्रिका टेबलावर ठेवली. "साहेब, आमनी सून पास शे. हाऊ कागद देखा."

साहेब म्हणाले, "संगणकाने नापास दिलंय. मी काय करू?"

सून हळूच म्हणाली, "मार्चला गणित राहिलं होतं. ऑक्टोबरला सुटलं."

मामांनी मान वर केली. तिचा क्रमांक विचारून त्यांनी आलेलं उत्तर जसंच्या तसं छापून घेतलं आणि बोटं दुमडायला सुरुवात केली. इतर मुलींच्या उत्तरात तीन बोटं पुरायची. इथे चौथं दुमडलं.

"मझार आखो एक शे," ते म्हणाले. आत आणखी एक आहे.

दोनदा परीक्षा दिलेल्या मुलींचे निकाल दोन होते, आणि ते दोन्ही एका जादा कंसात बसवलेले होते. माझ्या प्रोग्रॅमने पहिला, मार्चचा निकाल उचलला आणि पुढे पाहिलंच नाही. मी कुजबुजले, "मामा, हिचा निकाल हाताने टाकून देऊ?"

"हिचा टाकशील. ज्या इथवर आल्याच नाहीत, त्यांचा कोण टाकेल?"

ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रोग्रॅम मलाच दुरुस्त करायला लावला. मी चुकले की नुसतं "बोटं मोज" म्हणायचे. साडेचारला यादी पुन्हा छापली. चोपड्यापासून शिंदखेड्यापर्यंत एक्केचाळीस नावं नापासांतून उठून पासांत आली होती.

मामा ती साहेबांपुढे ठेवून म्हणाले, "चूक आमची. संगणकाची नाही आणि मुलींची तर मुळीच नाही." साहेबांनी नावं वाचली आणि सही केली. सुनेने आपल्या नावावरून दोनदा बोट फिरवलं. आबा तिला म्हणाले, "चाल माय, आते गावले ताठ मानघाई जाऊ." आता गावी ताठ मानेने जाऊ. त्या दिवशी आख्खं ऑफिस सणासारखं होतं.

दोन वर्षांनी माझी धुळ्याला बदली झाली. मामा तेव्हा निवृत्त होऊन एरंडोलला गेले होते. पहिल्याच दिवशी तिथले साहेब उठून उभे राहिले. "या. एक्केचाळीस मुलींची चूक शोधणाऱ्या बाई तुम्हीच ना? तुमच्या मामांचं पत्र आलंय."

मी म्हटलं, "साहेब, चूक मी केली होती. शोधली मामांनी."

साहेबांनी टेबलावरचं पत्र माझ्याकडे सरकवलं. शेवटची ओळ मामांच्या मास्तरी अक्षरात होती: 'ती हे नाकबूल करील. म्हणूनच तिच्यावर कुठलंही काम डोळे मिटून सोपवा.'