ज्याचं त्याचं क्रियापद

आमच्या पोर्तुगीजच्या क्लासचे किस्से सांगायला बसलं की वेळ पुरत नाही. भाषा किती शिकलो ते विचारू नका. तेवढी शनिवारची दुपार आम्ही सगळे थोडे झोपेत, थोडे स्वप्नात असतो, आणि तशात माणसं काय काय बोलून जातात!

ब्लॅकटाउनमधला एक छोटा हॉल, बाहेर जॅकरँडा, जांभळ्या फुलांनी भरलेलं पार्किंग. शिकवायला दोना मारुषा, म्हणजे मारुषाबाई. वय सत्तरीच्या पुढे, मूळची स्पेनमधल्या गालिसियाची, नवरा पोर्तुगीज. पहिल्याच दिवशी म्हणाली, "रेग्युलर क्रियापदं शाळेतल्या पोरांसारखी, रांगेत चालतात. इरेग्युलर ती घरची. लॅटिन आजीपासून रोजच्या वापरात झिजत आलेली. ती घरी नेऊनच सांभाळावी लागतात."

आणि तिने खरंच प्रत्येकाला एकेक क्रियापद घरी दिलं! टर्मभर सांभाळायचं. दर शनिवारी त्याचं एक वाक्य आणायचं, पण ते आपल्या आयुष्यातलं आणि खरं हवं. ती विचारणार, "ए वेर्दाद?" म्हणजे, खरं आहे का? खोटं वाटलं तर सगळ्यांनी ओरडायचं, "मेंतीरा!" म्हणजे, खोटं! खोटं बोलणाऱ्याने सगळ्या क्लासला चहा करायचा.

पहिला चहा मीच केला. पोर्तुगीज का शिकतेस, तर म्हटलं, ऑफिसची नवी टीम लिस्बनला आहे. शेजारी बसलेल्या सुलभाकाकूच ओरडल्या, "मेंतीरा! अगं प्राची, शनिवारी मुलांना स्विमिंगला नवऱ्याने न्यावं म्हणून येतेस तू. मला बसमध्ये सांगितलंस की!"

*

मला मिळालं 'काबेर', म्हणजे मावणे. केलीव्हिलच्या नव्या घरात आमचा सोफा दारातून आत जात नव्हता, त्यामुळे माझी वाक्यं आयतीच तयार. सोफा मावत नाही. सोफा अजून मावत नाही. एका शनिवारी मी म्हटलं, "सोफा गराजमध्ये मावला, आता गाडी मावत नाही." दोना मारुषा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

निखिलला, म्हणजे इथे फोनच्या दुकानात काम करणाऱ्या आमच्या नागपूरच्या पोराला, मिळालं 'पेर्देर', हरवणे. बिचारा प्रामाणिक! वाक्य खरं व्हायला हवं म्हणून दर आठवड्याला काहीतरी हरवायला लागला. बस-ट्रेनचं ओपल कार्ड गेलं, छत्री गेली, एक चप्पल गेली. एक चप्पल कशी हरवते, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. शेवटी त्याची होणारी बायको क्लासमध्ये येऊन उभी राहिली. "मॅडम, प्लीज त्याला दुसरं काहीतरी द्या. पुढच्या महिन्यात आमची एंगेजमेंट आहे!"

*

क्लास संपला की दोना मारुषाला न्यायला तिचा नवरा यायचा. घरून सूप आणायचा. "हे मी केलं," तो पोर्तुगीजमध्ये म्हणायचा, "फिझ." ती म्हणायची, "मी केलं," गालिसियन थाटात, "फिशेन." ही दोन रूपं म्हणजे एकाच आईच्या दोन बहिणी, पण सासर वेगळं, म्हणून चाल वेगळी पडली, असं ती समजावायची. आम्ही माना डोलवायचो आणि सूप प्यायचो.

एकदा निखिलने विचारलं, "पण नक्की केलं कोणी?"

दोघं एकदम म्हणाले, "मी!" आणि पुढे पार्किंगमध्ये किती तरी वेळ त्यांचं तेच चालू होतं. भांडण असं गोड असू शकतं, हे मी तिथे पाहिलं.

*

सुलभाकाकूंचं क्रियापद 'वीर', येणे. क्लासमध्ये खरी गरज त्यांनाच होती. मुलगा मंदार पोर्तोला, सून जोआना तिथलीच, आणि चार वर्षांची नात इनेश फक्त पोर्तुगीज बोलणारी. व्हिडिओ कॉलवर काकूंनी तोंड उघडलं की ती पळून जायची. "तिला माझ्याशी बोलायचंच नसतं गं," काकू म्हणायच्या, आणि पुढच्या मिनिटाला जोमाने पाठांतराला लागायच्या.

पाठांतर कसलं, पाढेच! वेन्यो, वेंस, वें... थेट 'बे एके बे'च्या चालीवर. आम्हालाही तीच चाल लागली. उन्हाची दुपार, वर पंखा, खाली सगळे डोलतायत. निखिल बसल्या बसल्या झोपला आणि जागा झाला तो बरोबर पुढच्या रूपापासून म्हणायला लागला. मला तर वाटायचं, हा हॉल हळूच जमिनीवरून सुटलाय आणि आम्ही कुठे तरी तरंगत चाललोय. दोना मारुषाही डोळे मिटून ताल धरायची.

काकूंचं वाक्य दर शनिवारी एकच. "नात येणार आहे."

"ए वेर्दाद?"

"वेर्दाद!"

*

डिसेंबरात नात आली. एअरपोर्टवर काकू सगळं पोर्तुगीज विसरल्या. "आली गं माझी सोनी ती!" म्हणून दोन्ही हात पसरले आणि इनेश आईच्या मागे गेली. ती तिथेच राहिली. रात्री काकूंचा फोन. "टीव्हीवरच्या बाईकडे बघावं तशी बघते गं माझ्याकडे. जवळ म्हणून येत नाही." मंदार म्हणत होता, "आई, वेळ दे तिला." पण त्यांचं परतीचं तिकीट जवळ येत चाललं होतं.

टर्मचा शेवटचा शनिवार. मंदार आणि जोआनाला हार्बर बघायला जायचं होतं, म्हणून काकू इनेशला क्लासला घेऊन आल्या. पोरगी आल्या आल्या टेबलाखाली जाऊन बसली. मी सोफ्याचं वाक्य मुद्दाम खोटं सांगितलं. सगळे ओरडले, "मेंतीरा!" टेबलाखाली खुदकन आवाज झाला. निखिल म्हणाला, आज काही हरवलं नाही. "मेंतीरा!" पुन्हा खुदखुद.

मग काकूंची पाळी आली. त्या उठल्याच नाहीत. हातातल्या रुमालाकडे बघत सावकाश पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या, "माझी नात माझ्या मांडीवर येत नाही."

एकही रूप चुकलं नव्हतं. दोना मारुषाने नियमाप्रमाणे विचारलं, पण अगदी हळू.

"ए वेर्दाद?"

काकूंनी मान हलवली. वेर्दाद.

तेवढ्यात टेबलाखालून केवढ्याने तरी आवाज आला, "मेंतीरा!" आणि काकूंचा दुपट्टा धरून इनेश वर चढली, मांडीवर बसली, आणि आम्ही सगळे काय बघतोय म्हणून आमच्याकडे बघायला लागली.

दोना मारुषाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सुलभा, वाक्य खोटं. चहा तुझा!"

काकू काही उठल्या नाहीत. त्या दिवशीचा चहा दोना मारुषानेच केला.